एका भिंतीची अनेक आयुष्ये : पोर्तुगालची चर्च, किल्ले आणि संग्रहालये पाहण्यापूर्वी

पोर्तुगालला निघालेला माणूस बहुधा तीन याद्या करतो: चर्च वेगळी, किल्ले वेगळे, संग्रहालये वेगळी. तोमारच्या टेकडीवर पोहोचल्यावर मात्र हे ठिकाण कोणत्या यादीत घालायचे, असा प्रश्न त्याला पडतो. टेंपलर या लढवय्या धर्मपंथाचा प्रमुख ग्वाल्दिम पाइश याने ११६० मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. तटाच्या आत एक वर्तुळाकार चर्च उठले. जेरुसलेमच्या पवित्र वास्तू डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले. १३१२ मध्ये पोपने टेंपलरांचा पंथ मोडीत काढला. राजा दिनिशने त्यांची मालमत्ता देशाबाहेर जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये 'ख्रिस्ताचा पंथ' नावाची नवी संघटना उभी राहिली आणि सगळे तिच्या नावावर चढले. पुढे शंभरएक वर्षांनी या पंथाचा कारभार राजपुत्र हेन्रीच्या हाती आला आणि पंथाच्या उत्पन्नाचा ओघ आफ्रिकेचा किनारा धुंडाळणाऱ्या जहाजांकडे वळला. हिंदी महासागरात शिरलेल्या पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस याच पंथाचा. सोळाव्या शतकाच्या आरंभी दियोगु द अरूदाने इथे एक खिडकी घडवली. तिच्या चौकटीवर दोरखंड, साखळ्या आणि पोवळी दगडात उतरली आहेत. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला पोर्तुगालचा राजा म्हणून मान्यता देणारी सभा १५८१ मध्ये इथेच भरली. १८३४ मध्ये मठ बंद झाले. काही भाग खासगी मालकाकडे गेला, काही भागात लष्करी इस्पितळ आले. आज तिकीट काढून आत जाता येते. किल्ला, चर्च, मठ, राजसभा, इस्पितळ, संग्रहालय, भिंती त्याच.

पोर्तुगालभर कमीअधिक हेच आहे. सातबाऱ्यावर जसे फेरफार नोंदलेले असतात, तसे इथल्या जुन्या वास्तूंच्या अंगावर मालकी बदलल्याच्या खुणा आहेत. बुजवलेली कमान, मध्येच बदललेला दगड, चर्चच्या कपाळावरच्या किल्ल्याच्या चर्या, संग्रहालयाच्या दालनात उरलेली वेदी. या खुणा वाचता आल्या तर देश कळतो. नाही आल्या तर प्रत्येक ठिकाणी 'भव्य' आणि 'सुंदर' हे दोनच शब्द हाताशी राहतात. प्रत्येक वास्तूपुढे तीन प्रश्न विचारायचे: इथे आधी काय होते? हिचा पैसा कुठून आला? आणि हिच्यासाठी कोणाला हटवले? पुढच्या सगळ्या प्रकरणांत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतील.

मराठी वाचकाला पोर्तुगीज परके नाहीत. वसईच्या किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्च त्याने पाहिलेली असतात, जुन्या गोव्यात बाँ जेझुसच्या रांगेत तो उभा राहिलेला असतो. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, भीमाशंकरची घंटा, मेणवलीची घंटा या चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या विजयानंतर वसईकडच्या चर्चमधून आल्या, हेही त्याच्या कानावर असते. पण हे सारे त्या सत्तेचे समुद्रापलीकडचे टोक. ज्यांनी इथे येऊन बुरूज आणि वेद्या बांधल्या, त्यांच्या स्वतःच्या गावात बुरूज आणि वेद्या कशा उभ्या राहिल्या, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ती करायची तर सुरुवात किल्ल्यांपासून करावी लागते.

गिमराइशचा किल्ला दहाव्या शतकातला. मुमादोना दियाश या सरदारणीने एक मठ स्थापला आणि त्याच्या रक्षणासाठी शेजारी किल्ला उभारला. धास्ती दोन्हीकडची होती; समुद्रावरून येणाऱ्या नॉर्स टोळ्यांची आणि दक्षिणेकडच्या मुस्लिम फौजांची. म्हणजे राष्ट्राचे जन्मस्थान म्हणून जो किल्ला दाखवतात, तोही मुळात एका मठाचा पहारेकरी. २४ जून ११२८ रोजी साव मामेदच्या लढाईत, पुढे पोर्तुगालचा पहिला राजा झालेल्या अफोन्सो हेन्रिकने सख्ख्या आईच्या पक्षाचा पराभव केला आणि सत्ता हाती घेतली. त्याचे राजेपण ११४३ मध्ये शेजारच्या लेओनच्या राजाने मान्य केले, पोपने ११७९ मध्ये. मधल्या काळात, ११४७ मध्ये, त्याने लिस्बन जिंकले. जेरुसलेमकडे निघालेले उत्तर युरोपातले धर्मयोद्धे वाटेत थांबले होते, त्यांच्या मदतीने वेढा घातला गेला. शहर पडताच मशिदीच्या जागी कॅथेड्रलचे काम सुरू झाले. त्या कॅथेड्रलच्या मागच्या चौकात पुरातत्त्वज्ञांनी खणले तेव्हा मुस्लिम काळातली बांधकामे आणि त्यांच्याही खाली रोमन रस्ता सापडला. दर्शनी बाजूला दोन भक्कम मनोरे आणि वर चर्या. हे चर्च लांबून गढीच वाटते. कोइंब्राचे जुने कॅथेड्रलही तसेच. सरहद्द जवळ होती आणि वेळ पडली तर देवाच्या घरातूनही लढावे लागेल, या हिशेबाने ही बांधकामे झाली.

दक्षिणेत ग्वादियाना नदीकाठच्या मेर्तोलाला मात्र जरूर जावे. किल्ल्याच्या पायथ्याचे गावचे चर्च बाराव्या शतकातली मशीद होते. विजेत्यांनी ती पाडली नाही. नालाच्या आकाराच्या कमानींचे दरवाजे राहिले, आणि मुख्य वेदीच्या मागच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा अजून आहे. बहुतेक ठिकाणी पाडून बांधले गेले. इथे राहते घर तेवढे बदलले. दोन्ही प्रकार पाहिल्यावाचून 'पुनर्विजय' या पाठ्यपुस्तकी शब्दाखाली काय काय दडले आहे ते समजत नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत एक इशारा आधीच देऊन ठेवतो. आज दिसणाऱ्या रेखीव चर्या, मोकळी पटांगणे आणि स्वच्छ तट यांतले बरेचसे विसाव्या शतकातले आहे. १९२९ मध्ये राष्ट्रीय इमारती आणि स्मारके यांच्यासाठी सरकारी खाते निघाले. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीला मध्ययुगीन, शूर, एकजिनसी पोर्तुगाल दाखवायचा होता. १९४० मध्ये राष्ट्राच्या स्थापनेची आठ शतके आणि स्पेनपासूनच्या सुटकेची तीन शतके असा दुहेरी उत्सव ठरला. त्या धामधुमीत लिस्बनच्या साव जॉर्ज किल्ल्यातल्या नंतरच्या काळातल्या बराकी आणि इमारती काढून टाकल्या, पडलेले तट उचलले, चर्या चढवल्या. आपण ज्याला अकराव्या-बाराव्या शतकाचा तट समजून हात लावतो, त्याचा वरचा थर आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो. यात फसवणूक शोधण्यापेक्षा ही राजवट इतिहासाकडून काय मागत होती, ते पाहावे. याच्या उलट टोकाला मिन्यु प्रांतातला सांता मारिया दु बोरुचा मठ आहे. तो पडझड झालेल्या अवस्थेत वास्तुकार एदुआर्दु सोतु द मोराच्या हाती आला. त्याने १९९० च्या दशकात तिथे हॉटेल उभे करताना जुने वैभव परत आणल्याचा आव आणला नाही. पडक्या भिंती पडक्याच ठेवून त्यांच्या आत नवे काम नवे म्हणून दिसू दिले. डागडुजीही एक मत असते, हे या दोन वास्तू शेजारी ठेवल्या की ध्यानात येते.

तोफा आल्या आणि उंच तट निकामी झाले. स्पेनच्या सरहद्दीवरच्या एल्व्हश शहराभोवती सतराव्या शतकात बसक्या, जाड, बाणाच्या टोकासारख्या बुरुजांची तटबंदी उठली. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंत मारा करता यावा आणि शत्रूला दडायला कोपरा मिळू नये, असे तिचे गणित. वसईचा तट चाललेल्या माणसाला हे बुरूज ओळखीचे वाटतील. डोंगराच्या कड्यालाच तट मानून किल्ले बांधणाऱ्या सह्याद्रीपेक्षा हे शास्त्र वेगळे. ते सपाट जमिनीचे आणि तोफखान्याचे आहे. एल्व्हशची तटबंदी २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता चर्च आणि मठ. इथे दुसरा प्रश्न जास्त कामाला येतो: पैसा कुठून आला? अल्कोबासाचा मठ ११५३ चा, सिस्टर्शियन साधूंचा. राजाने जिंकलेली ओसाड जमीन त्यांना दिली, त्यांनी ती पिकवली. त्यांचा नियम साधेपणाचा, म्हणून चर्चच्या आत नक्षी जवळजवळ नाही. शंभर मीटरच्या आसपास लांबीचे, उंच, अरुंद, पांढऱ्या दगडाचे ते दालन उंचीवरच उभे आहे. तिथल्या दोन कबरी मात्र कोरीवकामाने भरलेल्या आहेत. राजपुत्र पेद्रूची प्रेयसी इनेश द कास्त्रु हिला त्याच्या बापाच्या संमतीने १३५५ मध्ये कोइंब्रात मारले गेले. पेद्रू राजा झाल्यावर त्याने तिच्यासाठी आणि स्वतःसाठी या कबरी करवल्या. इनेशची कबर ज्या बसक्या आकृतींच्या पाठीवर आहे, त्यांची धडे जनावरांची आणि तोंडे माणसांची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच सैनिकांनी लुटीच्या आशेने या कबरी फोडल्या. फुटलेल्या कडा आजही दिसतात. त्यांची जागाही मधल्या शतकांत बदलली. आज त्या एकमेकींकडे पाय करून आहेत, शेवटच्या दिवशी उठताच दोघांना एकमेकांचे तोंड दिसावे म्हणून, असे सांगतात. प्रेमकथा खरी, तिची मांडणी पिढ्यांनी आपापल्या सोयीने केलेली.

बताल्याचा मठ लढाईच्या नवसाचा. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोता इथे राजा पहिल्या ज्वांवने संख्येने मोठ्या कास्तीली फौजेला हरवले आणि पुढे शतकाहून अधिक काळ हे बांधकाम चालले. त्याची आणि इंग्लंडहून आलेल्या राणी फिलिपाची हातात हात घातलेली दगडी जोडी तिथे निजलेली आहे. मागच्या बाजूची अष्टकोनी दालने मात्र आकाशाला उघडी आहेत. छप्पर कधी चढलेच नाही, कारण राजांचे लक्ष आणि कारागीर लिस्बनकडे वळले. ते कशामुळे वळले, हे लिस्बनच्या नदीकाठच्या बेलेंला कळते.

बेलेंचा जेरोनिमुश मठ १५०१-०२ च्या सुमारास सुरू झाला. खर्चाची मुख्य तजवीज होती आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरचा सुमारे ५ टक्क्यांचा कर. म्हणजे मलबारच्या मिरीचा वाटा या खांबांत आहे. लिओझ नावाचा तिथलाच चुनखडीचा दगड कोवळा असताना कोरायला सोपा, नंतर कठीण होतो; म्हणून दोरखंड, शैवाल, नौकानयनाचा गोल अशी नक्षी इतक्या बारकाईने उतरली. उत्तरेत गिमराइश किंवा पोर्तोकडे ग्रॅनाइट असल्यामुळे ही लेस तिथे दिसत नाही. शैलीचे श्रेय राजा मानुएलच्या नावे जाते, पण निम्मे श्रेय खाणीचे आहे. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामा आणि कवी कामोंइश यांच्या कबरी आहेत. दोन्ही एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या. गामा १५२४ मध्ये कोचीनला वारला, त्याच्या अस्थी बऱ्याच वर्षांनी पोर्तुगालला गेल्या. कामोंइशच्या कबरीत खरोखर कामोंइशच आहे का, याची शंका अभ्यासकांना आजही आहे. मुख्य वेदीच्या बाजूंना राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. आपल्याकडचे हत्ती दुसऱ्यांच्या राजांचे ओझे वाहताना पाहून आपल्या मनात जे येईल ते येऊ द्यावे. पण पाहणे मात्र पुरते करावे.

थोड्या अंतरावर बेलेंचा बुरूज आहे. त्याच्या एका पहाऱ्याच्या घुमटीखाली गेंड्याचे झिजलेले दगडी तोंड शोधून पाहा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने भारतातला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला भेट दिलेला गेंडा गोव्याहून मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. दीवमध्ये किल्ला बांधू द्या, ही पोर्तुगीजांची मागणी सुलतानाने मान्य केली नव्हती. तिची भरपाई या भेटीने केली. मानुएलने तो पुढे पोपला पाठवला आणि १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह गेंडा बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला प्रत्यक्ष न पाहता, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून जे चित्र छापले, ते युरोपात पुढे दीर्घकाळ गेंड्याचे अधिकृत चित्र ठरले.

दोन शतकांनी पैशाचा मार्ग बदलला. ब्राझीलचे सोने आले. पाचव्या ज्वांवने लिस्बनच्या साव रोक चर्चमधले एक छोटे प्रार्थनाघर चक्क रोममध्ये करवून घेतले. पोपच्या हस्ते आशीर्वाद मिळाल्यावर ते सुटे करून १७४७ मध्ये जहाजांनी आणले आणि पुन्हा जुळवले. लांबून तैलचित्रे वाटणारे तिथले देखावे रंगीत दगडांच्या तुकड्यांचे आहेत. त्याच राजाने १७१७ मध्ये माफ्राला राजवाडा आणि मठ एकत्र बांधायला काढला. तिथे हजारो मजूर सक्तीने राबवले गेले. जुझे सारामागुने १९८२ च्या 'मेमोरियाल दु कोन्वेंतु' या कादंबरीत त्या मजुरांना नायकांच्या बरोबरीने आणून बसवले. माफ्राला जाण्याआधी ती वाचलेली असली तर राजवाड्याच्या लांबीचे कौतुक जरा जपून होते. तिथल्या ग्रंथालयात आणि कोइंब्रा विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळांची वसाहत आहे. पुस्तकांना लागणारी कीड ती रात्री खातात. कोइंब्रात त्यांच्या विष्ठेपासून जपण्यासाठी टेबलांवर रात्री चामडी आच्छादने घालतात.

मग १ नोव्हेंबर १७५५ आला. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या लागलेल्या. भूकंप, त्यामागून समुद्राची लाट आणि अनेक दिवस धुमसणारी आग यांत लिस्बनचा मोठा भाग गेला. कार्मु मठाच्या चर्चचे छप्पर कोसळले, कमानी उभ्या राहिल्या. पुढे त्या कमानींखालीच पुरातत्त्व संग्रहालय थाटले गेले. त्याच्या शेजारच्या बराकीत २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही राजवटीच्या पंतप्रधानाने सत्ता सोडली. भूकंपापूर्वीचे लिस्बन कसे होते, हे पाहायला टाइल संग्रहालयात जावे. १५०९ मध्ये राणी लेओनोरने स्थापलेल्या माद्रे द देउश मठात ते आहे. सुमारे १७०० सालचा, तेवीसएक मीटर लांबीचा निळ्या-पांढऱ्या अझुलेजो टाइलांचा पट्टा तिथे आहे. नदीकाठचे सगळे शहर त्यावर उतरवलेले आहे; त्यातल्या किती इमारती पुढे उरल्या नाहीत, ते मोजत चालता येते.

भूकंपाइतकाच मोठा दुसरा धक्का कागदावरचा होता. यादवी युद्ध जिंकलेल्या उदारमतवादी सरकारने मे १८३४ मध्ये पुरुषांचे सगळे धर्मपंथ बरखास्त केले आणि मठांची मालमत्ता सरकारजमा केली. शेकडो इमारती रिकाम्या झाल्या. कुठे बराक, कुठे शाळा, कुठे इस्पितळ, कुठे गोदाम. लिस्बनच्या साव बेंतु मठात संसद बसली आणि आजही तिथेच आहे. जेरोनिमुशमध्ये अनाथ मुलांची संस्था आली; पुढे त्याच मठाच्या एका अंगात पुरातत्त्वाचे आणि दुसऱ्यात नौकानयनाचे संग्रहालय झाले. पोर्तोत बेनेडिक्टीन जोगिणींचा मठ पाडून रेल्वे स्थानक झाले; तिथल्या दालनात झोर्झ कोलासुने रंगवलेल्या सुमारे वीस हजार टाइलांवर लढाया आणि मिरवणुका आहेत, आणि खालून लोकलचे प्रवासी धावत असतात. ओबिदुशच्या तटाजवळच्या साव तियागु चर्चमध्ये आता पुस्तकांचे दुकान आहे.

इमारतींबरोबर वेद्यांवरची चित्रे, मूर्ती, सोन्यारुप्याची भांडी सरकारकडे आली. त्यांतूनच संग्रहालये जन्मली. १८८४ मध्ये उघडलेल्या लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयाचा गाभा हाच. तिथे १५०६ सालचे, जिल व्हिसेंतने घडवलेले सोन्याचे एक पूजापात्र आहे. सोने पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या राज्यकर्त्याकडून खंडणी म्हणून वास्को द गामाने दुसऱ्या सफरीत आणले. पात्र जेरोनिमुशला दिले गेले. मठ बंद झाल्यावर ते शेवटी काचेच्या पेटीत आले. खंडणी, प्रार्थना, प्रदर्शन असा त्याचा प्रवास ध्यानात ठेवून त्याच्यासमोर उभे राहावे. कोइंब्राचे माशादु द कास्त्रु संग्रहालय बिशपच्या वाड्यात आहे, वाडा रोमन चौकाला आधार देणाऱ्या भुयारी कमानींवर आहे, आणि तिकिटात दोन्ही येतात. मठ बरखास्तीचा हा कायदा गोव्यातही १८३५ मध्ये लागू झाला. जुन्या गोव्यातला ऑगस्टीनियन मठ ओस पडून त्याची कमान १८४२ मध्ये कोसळली आणि फ्रान्सिस्कन मठात पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आले. तिथल्या रिकाम्या चौकांचे कारण शोधत गेलो तर ते लिस्बनच्या एका फर्मानात सापडते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: कोणाला हटवले? पोर्तुगालच्या यहुद्यांना १४९६ मध्ये देशत्यागाचा हुकूम झाला आणि पुढच्या वर्षी त्यांचे सक्तीने धर्मांतर करवले गेले. तोमारमधले पंधराव्या शतकातले छोटे सिनेगॉग त्यानंतर तुरुंग झाले, गोदाम झाले. शमुएल श्वार्झ या पोलिश खाण-अभियंत्याने ते १९२३ मध्ये विकत घेतले आणि १९३९ मध्ये सरकारला दिले. आता ते संग्रहालय आहे. लिस्बनच्या साव दोमिंगुश चर्चपाशी एप्रिल १५०६ मध्ये धर्मांतरितांची कत्तल सुरू झाली. तिचे स्मारक बाहेरच्या चौकात २००८ मध्ये बसले. या चर्चला १९५९ मध्ये आग लागली. डागडुजी करताना तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले. दक्षिणेत लागुश बंदरावर १४४४ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची मोठी वाटणी झाली. तिची आठवण सांगणारे संग्रहालय आज तिथे आहे, आणि ते वगळून केलेली 'शोधयुगा'ची सहल अर्धीच राहते.

यहुद्यांच्या या कहाणीचा एक धागा थेट मुंबईत येतो. गार्सिया द ओर्ता हा वैद्य सरहद्दीवरच्या कास्तेलु द व्हीदचा, धर्मांतरित यहुदी घरातला. १५३४ मध्ये तो भारतात आला, मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि कामोंइशची छापलेली पहिली कविता त्यातच आहे. त्याच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. कास्तेलु द व्हीदच्या किल्ल्याखालच्या यहुदी गल्लीतून चालताना ओर्ताचे नाव भेटते. ज्याला त्याच्या गावाने आज मान दिला आहे, त्याच्या अस्थीही एकेकाळी सुखाने राहू दिल्या नव्हत्या.

भारतातून गेलेल्या वस्तू ठिकठिकाणी भेटतील. गुजरातेत शिंपल्यांच्या चकत्यांनी मढवलेल्या पेट्या, गोव्यात कोरलेल्या हस्तिदंती बाल येशूच्या मूर्ती, शिसवाची जडावाची कपाटे. सिंत्राच्या पेन्या व्हेर्द या बागायतीत सोमनाथ परिसरातला एक संस्कृत शिलालेख आहे. दीवचा वेढा १५४६ मध्ये मोडणाऱ्या ज्वांव द कास्त्रुने तो मायदेशी नेला, बागायत त्याचीच. वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, १२८७ सालचा हा लेख अभ्यासकांनी छापलेला आहे. संग्रहालयांतल्या अशा वस्तूंच्या पाट्यांवर शतक आणि प्रांत असतो, घडवणाऱ्या हातांचा पत्ता जवळपास नसतोच. लुटून नेलेली वस्तू, विकत घेतलेली वस्तू, भेट आलेली वस्तू आणि इथल्या कारागिराने तिथल्या गिऱ्हाइकासाठी मागणीनुसार घडवलेली वस्तू, हे चार वेगळे प्रकार आहेत. सगळ्यांना एकच शिक्का मारून राग किंवा अभिमान आवरता घेणे सोपे. प्रत्येक वस्तूची चौकशी वेगळी करणे हेच खरे पाहणे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बहुतेक सरकारी संग्रहालये आणि स्मारके सोमवारी बंद असतात, शिवाय १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे आणि नाताळ. बेत आखताना सोमवार मोकळा ठेवावा आणि तो एखाद्या गावच्या गल्ल्यांना द्यावा. चर्च ही आधी चर्च आहेत. मिसा चालू असेल तर मागच्या बाकावर बसावे किंवा नंतर यावे; खांदे झाकलेले असावेत. चर्चचा मुख्य दरवाजा बहुधा पश्चिमेला असतो, म्हणून त्यावरचे कोरीवकाम दुपारनंतर उजळते. जेरोनिमुशचा नटलेला दरवाजा मात्र दक्षिणेचा, नदीकडचा. एका दिवसात तीन मठ पाहण्यापेक्षा एका मठाभोवती दोनदा फिरावे. पहिली फेरी बाहेरून. दगड कुठे बदलतो, खिडकी कुठे बुजवली आहे, हे बाहेरूनच कळते. आतल्या सोनेरी लाकूडकामाने एकदा डोळे दिपले की भिंतीकडे कोणाचे लक्ष जात नाही. पोर्तोचे साव फ्रान्सिश्कु चर्च याचा पुरावा आहे. बाहेरून कडक ग्रॅनाइटचे, आत खांबापासून छतापर्यंत सोन्याचा मुलामा.

पुस्तकाची रचना शहरांप्रमाणे नाही. पहिल्या भागात सरहद्दीचे आणि पुनर्विजयाचे किल्ले, दुसऱ्यात नवसाची, मिरीची आणि सोन्याची चर्च, तिसऱ्यात १८३४ नंतरची संग्रहालये. त्यामुळे तोमार आणि जेरोनिमुश दोन-दोन भागांत येतात. ते मुद्दाम आहे. प्रत्येक ठिकाणची नावे पोर्तुगीज उच्चाराला शक्य तितकी जवळ ठेवली आहेत, कारण रस्त्यावर विचारताना तीच उपयोगी पडतात.

शेवटी एका अपुरेपणाबद्दल. साव जॉर्ज किल्ल्याच्या एका बुरुजात चौदाव्या शतकापासून राज्याचे दप्तर ठेवलेले होते. १७५५ मध्ये बुरूज पडला, दप्तर वाचले. आज ते लिस्बनच्या विद्यापीठ परिसरात स्वतंत्र इमारतीत आहे. गोव्याहून लिस्बनला जाणाऱ्या पत्रव्यवहाराचे काही खंडही अठराव्या शतकात तिकडे गेले, बाकीचे पणजीत राहिले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यात बसून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला, तो दोन्ही भाषा येत होत्या म्हणून. हे पुस्तक दगड, टाइल आणि सोने यांच्यापाशी थांबते. कागदांपर्यंत ते जात नाही. पाटीवर नसलेली कारागिरांची नावे, कोकणातल्या कोणत्या गावचा सारा कोणत्या वेदीच्या खर्चाला गेला याचे आकडे, मिळायचे तर त्या कागदांतच मिळतील. एखाद्या वाचकाला बताल्याच्या उघड्या छताखाली उभे राहून पोर्तुगीज शिकावेसे वाटले, मोडी आधीच येत असली तर अधिकच बरे, तर पुढचे पुस्तक त्याने लिहावे. ते याच्यापेक्षा महत्त्वाचे असेल.